राबवलं काय, ते आधी सांगा

मेळघाटातून किंवा नंदुरबारमधून बालमृत्यूंची बातमी आली की तिच्या मागोमाग एक ठरलेला वाद येतो. एक बाजू म्हणते, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याची पद्धत सिद्ध केली, सरकारनं ती २०११ पासून आशाताईंमार्फत देशभर नेली, मग बाळं अजून का दगावतात? म्हणजे ते 'मॉडेल' ध्येयवेड्या डॉक्टरांच्या हाताखालीच चालतं, सरकारी यंत्रणेत गेलं की मान टाकतं. दुसरी बाजू लगेच तक्ते काढते: इतक्या लाख गृहभेटी, इतके टक्के उद्दिष्टपूर्ती, मृत्युदर इतका खाली. पहिल्यांच्या लेखी दुसरे सरकारचे भाट, दुसऱ्यांच्या लेखी पहिले रडतराऊत. आणि दोघांपैकी कुणालाही एक साधी गोष्ट ठाऊक नसते. बाळ सात दिवसांचं असताना आशाताई त्या घरी आली, तेव्हा नेमकं काय झालं? मुळात आली होती का?

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. कुठल्याही नव्या आरोग्यपद्धतीला पास-नापास करण्याआधी ती प्रत्यक्षात किती, कशी आणि कुणापर्यंत पोचली, हे तपासलं गेलं पाहिजे. ही तपासणी पहिल्या दिवसापासून व्हावी, ती काम करणाऱ्यानं स्वतःची स्वतः करू नये, आणि तिचे पैसे त्या योजनेच्याच अंदाजपत्रकात असावेत. ती नसेल तर 'योजना फसली' हे वाक्य जेवढं पोकळ, तेवढंच 'योजना यशस्वी झाली' हेही. आज आपण दोन पोकळ वाक्यांची झुंज लावून बसलो आहोत.

गडचिरोलीपासूनच सुरू करू, कारण त्या प्रयोगाचं नाव सगळे घेतात आणि त्यात काय केलं होतं ते फार थोडे सांगतात. बंगांच्या 'सर्च' या संस्थेनं ३९ गावांत काम केलं आणि ४७ गावं तुलनेसाठी ठेवली. गावातल्याच थोड्याफार शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. त्या बाळंतपणाला हजर राहायच्या, बाळाचं वजन करायच्या, ते गार पडू नये म्हणून गुंडाळायच्या, पूर्ण एक मिनिट घड्याळ लावून श्वास मोजायच्या, जन्मतः न रडलेल्या बाळाला श्वास द्यायच्या. आणि रक्तात जंतुसंसर्ग झाल्याची लक्षणं दिसली तर घरच्यांच्या संमतीनं जेंटामायसिनचं इंजेक्शन द्यायच्या. तिसऱ्या वर्षी या गावांतला नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांच्या मानानं ६२ टक्क्यांनी कमी झाला होता. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलं आणि जगभर गाजलं. पण त्या आकड्याच्या पाठीशी आणखी एक काम होतं, ज्याची गाजावाजात कधी आठवण निघत नाही. आरोग्यदूतांचं काम गावोगावी जाऊन नियमितपणे तपासलं जात होतं, चुकलं तिथं पुन्हा शिकवलं जात होतं, आणि जन्म-मृत्यूच्या नोंदी दुसऱ्या वाटेनं पडताळल्या जात होत्या. ही तपासणी प्रयोगाला बाहेरून चिकटवलेली नव्हती, ती उपचाराचाच भाग होती.

'हे फक्त बंगांनाच जमतं' या आक्षेपाला तर केव्हाच उत्तर मिळालं आहे. 'अंकुर' प्रकल्पात महाराष्ट्रातल्या सात ठिकाणी दुसऱ्या संस्थांनी हीच पद्धत राबवली आणि तिथंही नवजात मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. पुढे देशभर नेताना मात्र पद्धतीचं रूप बदललं. काम आशाकडे आलं. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर सहा भेटी, घरी झालं असेल तर सात, आणि हे वेळापत्रक पूर्ण झाल्यावर २५० रुपये. इंजेक्शन आशाच्या हातात दिलं गेलं नाही. ते २०१४ मध्ये ठरावीक परिस्थितीत एएनएमकडे, म्हणजे उपकेंद्रातल्या नर्सकडे आलं. यातला प्रत्येक बदल समजण्यासारखा आहे. लाखो आशांच्या हाती इंजेक्शन द्यायला कुठलंही मंत्रालय कचरेल, आणि दवाखान्यातली बाळंतपणं वाढत असताना भेटींचं वेळापत्रकही बदलायलाच हवं होतं. पण एवढं बदलल्यावर जे उरलं त्याला 'गडचिरोली मॉडेल' म्हणायचं, आणि मग ते चाललं नाही म्हणून गडचिरोलीला नावं ठेवायची, हा कुठला न्याय? पाटी तीच ठेवून आतला माल बदलला, तर गिऱ्हाईकानं मूळ दुकानदाराला शिव्या द्यायच्या का?

मोबदल्याच्या अटी तर मुळातून वाचण्यासारख्या आहेत. माता-बाल कार्डावर जन्माचं वजन लिहिलेलं हवं, पहिल्या लसी झालेल्या हव्यात, जन्मनोंदणी झालेली हवी, आणि बेचाळीस दिवस आई व बाळ सुखरूप हवेत. शेवटची अट पुन्हा वाचा. ज्या घरात बाळ सर्वांत जास्त धोक्यात आहे, जिथं आशाला दोनदा जास्त जावं लागेल, तिथंच तिच्या पैशांची खात्री सर्वांत कमी. अट घालणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता, तो निकालाला बक्षीस देत होता. कागदावर सरळ दिसणारी अट गावात गेल्यावर कशी वाकडी होते हे बघायला कुणीतरी गावात जावं लागतं, एवढंच.

काही वर्षांपूर्वी एका अभ्यासगटाबरोबर पूर्व विदर्भातल्या एका तालुक्यात गृहभेटींचे फॉर्म चाळायला मी गेलो होतो. फॉर्म सुबक भरलेले, एकही खाना रिकामा नाही. आठ-दहा फॉर्म वाचल्यावर लक्षात आलं की सगळ्या बाळांचा ताप ९८ आहे, आणि श्वासाचे आकडे ४२, ४४, ४६ असे पाळीपाळीनं येत आहेत. सगळे सम, सगळे साठच्या सुरक्षित आत. मी विचारलं, "ताई, सगळी बाळं इतकी सारखी कशी?" ती आधी हसली, मग म्हणाली, "सर, थर्मामीटर आठ महिन्यापासून बंद आहे. पण खाना रिकामा ठेवला तं फारम वापस येते, अन् पैसे अडकते." तिनं खोटं लिहिलं हे खरंच आहे. पण ते खोटं तिच्याकडून कुणी मागून घेतलं? बंद थर्मामीटर सांगणारा फॉर्म परत करणारी आणि ९८ लिहिलेला फॉर्म स्वीकारणारी व्यवस्था बाळाचा ताप मोजतच नव्हती, ती खाने मोजत होती. आणि वर जाता जाता हे खाने बेरजा होतात, बेरजांचे टक्के होतात, टक्क्यांचे तक्ते होतात, आणि मग टीव्हीवर ते तक्ते फडकावून कुणीतरी आपल्याला गप्प करतं.

मूल्यमापनाच्या शास्त्रात अशा फसगतीला एक नाव आहे: तिसऱ्या प्रकारची चूक. पहिल्या दोन चुका संख्याशास्त्राच्या पुस्तकात असतात. परिणाम नसताना तो आहे म्हणणं, आणि असताना नाही म्हणणं. तिसरी चूक म्हणजे जी गोष्ट झालीच नाही तिच्या परिणामाचा निकाल देणं. औषध पोटात गेलंच नाही आणि आपण औषधाला गुण नाही म्हणतो. हिचं सगळ्यात महागडं उदाहरण वैद्यकाच्या इतिहासात आहे, आणि ते आपल्या कागदी लिंबाशी निगडित आहे.

जेम्स लिंड या आरमारी डॉक्टरनं १७४७ साली स्कर्व्ही (क जीवनसत्त्वाअभावी होणारा आजार) झालेल्या खलाशांवर वेगवेगळे उपाय करून पाहिले, त्यात संत्री-लिंबं खाणारे बरे झाले. ब्रिटिश आरमारानं सरसकट लिंबाचा रस द्यायला १७९५ साल उजाडलं. या अठ्ठेचाळीस वर्षांची गोष्ट सगळे सांगतात, विज्ञान सांगतं आणि सरकार ऐकत नाही याचा दाखला म्हणून. मला तिचा उत्तरार्ध जास्त महत्त्वाचा वाटतो. १८६०च्या सुमाराला आरमारानं भूमध्य समुद्राकडची मोठी पिवळी लिंबं सोडून वेस्ट इंडीजच्या आपल्याच वसाहतींतली छोटी हिरवी लिंबं घ्यायला सुरुवात केली. ही आपल्या कागदी लिंबाचीच जात. पुरवठा घरचा, हिशेब सोपा. पण त्या रसात स्कर्व्ही रोखणारा अंश मुळात बराच कमी, त्यात तो उघड्यावर साठवलेला, तांब्याच्या नळ्यांतून खेळवलेला. म्हणजे राहिली ती फक्त आंबट चव. हे कुणाच्या लक्षात का आलं नाही? कारण एव्हाना वाफेची जहाजं आली होती, प्रवास छोटे झाले होते, स्कर्व्ही व्हायला वेळच मिळत नव्हता. रस दिला जातोय आणि स्कर्व्ही होत नाही, मग आणखी काय पाहिजे? उद्दिष्टपूर्ती शंभर टक्के! १८७५-७६ मध्ये नेअर्सची मोहीम उत्तर ध्रुवाकडे गेली, लांबली, आणि रस प्यायलेली माणसं स्कर्व्हीनं आडवी झाली. याहून वाईट ते पुढे घडलं. रसाचं काय झालं हे तपासण्याऐवजी शहाण्यासुरत्या डॉक्टरांनी लिंबाचा सिद्धांतच मोडीत काढला. डब्यातल्या खराब मांसामुळे स्कर्व्ही होतो असं ते म्हणू लागले. स्कॉटची पहिली दक्षिण ध्रुव मोहीम १९०१ मध्ये निघाली, तीही या गोंधळासकटच. सिद्ध झालेलं ज्ञान हातातून निसटलं ते विरोधकांमुळे नव्हे. नाव तेच ठेवून आतलं तत्त्व बदललं आणि ते कुणी तपासलं नाही, म्हणून.

आता यावर पहिला खरा आक्षेप येतो, आणि तो मी मान्य करतो. जशीच्या तशी पद्धत कुठेच चालत नाही. गडचिरोलीचा गोंड पाडा, धारावीची चाळ आणि कोल्हापूरचं उसाचं गाव यांना एकच साचा लावणं हा अडाणीपणा आहे. बदल करावेच लागतात, आणि जो कार्यकर्ता बदल करत नाही तो डोकं वापरत नाही. मान्य. पण बदल करायचा तर कुठल्या भागाला हात लावायचा आणि कुठल्या नाही, हे ठाऊक हवं ना? पुरणपोळीत गूळ की साखर यावर वाद घाला, चणाडाळीऐवजी तूरडाळ घाला, पण पुरणच काढून टाकल्यावर ती नुसती पोळी राहते. नवजात बाळाच्या घरभेटीत वाराची अदलाबदल चालेल, भाषा बदलेल, फॉर्मचा रंग बदलेल. श्वास मोजणं, बाळ उघडं करून बघणं आणि धोका दिसला तर पुढची वाट तयार असणं, हे पुरण आहे. बदल झाला का, कुठला झाला, तो पुरणाला लागला का, हे बघितल्याशिवाय 'स्थानिक गरजेनुसार बदल' आणि 'पाट्या टाकणं' यांत फरक कसा करणार?

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे. आशाताईंच्या मागे आधीच रजिस्टरांचा ससेमिरा आहे. त्यात ऑनलाइन नोंदी, फोटो, ॲप. महाराष्ट्रातल्या आशा आणि गटप्रवर्तकांनी २०२३-२४ मध्ये संप केले, तेव्हा मानधनाबरोबरच ऑनलाइन कामाबद्दलचा संतापही त्यात होता. आणि तुम्ही आणखी मोजमाप मागता? मी नेमकं उलटं मागतो आहे. आज जे चालतं ते मोजमाप नाहीच, तो हजेरीपट आहे. आणि ज्याची परीक्षा त्यालाच पेपर तपासायला देणारा हजेरीपट आहे. हजार घरांचे हजार फॉर्म गोळा करून कुणी वाचत नाही, हे तालुका कचेरीतली कपाटं बघून कुणालाही कळेल. त्याऐवजी पन्नास घरं चिठ्ठ्या टाकून निवडा आणि तिथं तिऱ्हाईत माणूस पाठवा.

हे स्वप्नरंजन नाही. शेजारच्या बांगलादेशात हे चाळीस वर्षांपूर्वी झालं आहे. १९७१च्या बांगलादेशी निर्वासितांच्या छावण्यांत, पश्चिम बंगालमधल्या बनगावला, डॉ. दिलीप महालनोबिस यांनी कॉलऱ्याच्या रुग्णांना साखर-मिठाचं पाणी पाजून मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांच्या घरातून चारच्याही खाली आणलं. ते औषध घराघरांत न्यायचं काम १९८०पासून 'ब्रॅक' या बांगलादेशी संस्थेनं हाती घेतलं. तीन बोटांची मिठाची चिमूट, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. बायका दारोदार जाऊन आयांना शिकवत होत्या. दहा वर्षांत सव्वा कोटीच्या आसपास घरं झाली. पण माझा जीव अडकतो तो त्यांच्या तपासणीत. काही दिवसांनी दुसराच माणूस चिठ्ठीनं निवडलेल्या थोड्याशा घरांत जायचा, आईला प्रश्न विचारायचा, तिच्याकडून पाणी करवून घ्यायचा आणि त्याचा नमुना प्रयोगशाळेत मीठ मोजायला न्यायचा. शिकवणारीला पैसे मिळायचे ते किती घरं केली यावर नव्हे, आईच्या किती लक्षात राहिलं यावर. भेट दिली की पैसे, ही आपली रीत. आईला आलं तर पैसे, ही त्यांची.

आणि एवढं करूनही त्यांचं सुरुवातीला चुकत होतं. आयांना कृती पाठ होती, पाणी बरोबर जमत होतं, पण मुलाला जुलाब झाले की फार थोड्या आया ते पाजत होत्या. केवळ 'किती जणींना शिकवलं' एवढंच मोजलं असतं तर हे कधीच कळलं नसतं. खोदून विचारल्यावर दोन गोष्टी बाहेर आल्या. शिकवणाऱ्या बायकांचा स्वतःचाच त्या पाण्यावर विश्वास नव्हता, त्यांच्या घरी जुलाब झाले की त्या गोळ्या आणायच्या. आणि घरातल्या पुरुषांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. मग कार्यकर्त्यांना रुग्णालयात नेऊन प्रत्यक्ष गुण दाखवला, पुरुषांसाठी बाजारात आणि मशिदीत सभा घेतल्या. योजना बदलली ती आकडा कमी आला म्हणून नाही, आकडा का कमी आला हे समजलं म्हणून.

आपल्याकडचं चित्र? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या फेरीत जुलाब झालेल्या मुलांपैकी साठेक टक्क्यांना ओआरएस (साखर-मिठाच्या पाण्याची तयार पुडी) मिळालं होतं, झिंक तीस टक्क्यांना. स्वस्त आहे, सगळ्यांना ठाऊक आहे, मग का नाही? चहाच्या टपरीवर विचारा, उत्तर तयार आहे: डॉक्टरांना महागडी औषधं लिहून पैसे काढायचे असतात, नाहीतर दुकानात माल नसतो. बिहार आणि कर्नाटकात संशोधकांनी हे प्रत्यक्ष तपासलं आणि २०२४ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात छापलं. दोन वर्षांच्या मुलाला जुलाब होत असल्याचं सांगणारे खोटे बाप दोन हजारांहून जास्त डॉक्टर-वैदूंकडे धाडले. पैशांचा मोह आणि मालाचा तुटवडा यांचा वाटा प्रत्येकी पाच-सहा टक्के निघाला. सगळ्यात मोठा वाटा, चाळीस टक्क्यांहून जास्त, एका समजुतीचा होता: 'पेशंटला ओआरएस नको असतं.' बापानं स्वतःहून ओआरएसचं नाव काढलं की ते लिहून देणारे डॉक्टर बरेच वाढत होते! आपण वर्षानुवर्षं डॉक्टरांना प्रशिक्षण देत होतो, आणि अडलं होतं ते भलतीकडेच. मला स्वतःला हा निष्कर्ष वाचून ओशाळायला झालं, कारण टपरीवरचं उत्तर मीही अनेकदा दिलं आहे.

तिसरा आक्षेप डॉक्टर मित्र घेतात: एवढं मोजूनही जीव वाचले नाहीत तर मोजण्याचा उपयोग काय? त्यांच्या हातात एक भक्कम पुरावा आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. उत्तर प्रदेशातल्या २४ जिल्ह्यांतल्या १२० दवाखान्यांत जागतिक आरोग्य संघटनेची सुरक्षित बाळंतपणाची तपासणी-यादी राबवण्याचा मोठा प्रयोग झाला, दीड लाखाहून जास्त बाळंतपणं त्यात धरली. २०१७ मध्ये निकाल आला. माता-बालकांच्या मृत्यूंत आणि गंभीर आजारांत काहीही फरक नव्हता. दोन्ही गटांत पंधरा टक्क्यांच्या आसपास. 'बघा, यादीनं काही होत नाही,' असं म्हणून अनेकांनी पान उलटलं. पण त्या प्रयोगात तिऱ्हाईत निरीक्षक उभे होते, आणि म्हणूनच त्याच्या अपयशातही शिकण्यासारखं आहे. शिकवणारे परिचारिकांच्या सोबत असताना, दोन महिन्यांनी, यादीतली ७३ टक्के कामं होत होती, तुलनेच्या दवाखान्यांत ४२. शिकवणाऱ्यांच्या फेऱ्या संपल्यावर, बाराव्या महिन्यात, ७३चे ६२ झाले. म्हणजे सवय लागत होती, पण टिकायला आधार लागत होता. आणि कामं वाढूनही मृत्यू हलले नाहीत, म्हणजे पुढची साखळी कुठेतरी तुटलेली होती. अवघड प्रसंगी लागणारं कौशल्य, सामान, वेळेवर पुढे पाठवणं. आता कुठं बघायचं ते तरी कळलं.

याच्या शेजारी कॅनडाचं ओंटारिओ ठेवा. शस्त्रक्रियेआधीच्या तपासणी-यादीनं आठ शहरांतल्या पहिल्या अभ्यासात मृत्यू दीड टक्क्यावरून ०.८ वर आणले होते. त्या शहरांत आपली दिल्लीही होती. ओंटारिओनं ती यादी सगळ्या रुग्णालयांत सक्तीनं लावली. २०१४ मध्ये १०१ रुग्णालयांचे आकडे आले: यादीच्या आधी आणि नंतर, मृत्यूंत म्हणण्यासारखा फरक नाही. यादी किती वेळा पाळली? रुग्णालयांच्याच सांगण्यानुसार नव्वद टक्क्यांच्या वर. आता करा वाद! यादी निकामी की यादीवर नुसत्या खुणा झाल्या? कुणी डोळ्यांनी बघितलंच नव्हतं. श्रीमंत देश, शिकलेले सर्जन, आणि तिथंही शेवटी आमच्या ताईंचा ९८ ताप. तेव्हा हा आजार गरिबीचा किंवा आपल्या 'वृत्ती'चा आहे असं कृपा करून म्हणू नका.

चौथी भीती वेगळी आहे, आणि मराठी माणसाला ती समजायला हवी. घरात शिरणारी तपासणी म्हटलं की आपल्याला १८९७चं पुणं आठवतं. प्लेगचा रुग्ण वेगळा काढणं ही त्या काळच्या शास्त्राप्रमाणे चुकीची गोष्ट नव्हती. पण रँडच्या अमलाखाली गोरे सोजीर देवघरात शिरले, बायांना रस्त्यावर उभं करून तपासलं, आणि लोक रुग्ण लपवू लागले. २२ जूनच्या रात्री चाफेकरांनी गोळ्या झाडल्या ते शाळेत शिकवतात. सरकारच्या साथनियंत्रणाला त्या लपवण्यानं काय किंमत पडली ते शिकवत नाहीत. तपासणी म्हणजे शिक्षा असेल तर माहिती मरते. हा आक्षेप मी मोडून काढत नाही, उलट माझ्या मागणीची ती पहिली अट समजतो.

कारण याच्या बरोबर उलटं करून आपणच देवीचा रोग घालवला आहे. १९६२च्या राष्ट्रीय कार्यक्रमात लसी टोचण्याचे आकडे भराभर येत होते. पण शाळेतली सापडायला सोपी पोरं पुन्हा पुन्हा टोचली जात होती, आणि टोचायला हवी ती माणसं राहून जात होती. आकडा चढत होता, देवीही चालू होती. सत्तरच्या दशकात प्रश्न बदलला. किती टोचले हे विचारणं मागे पडलं, देवी अजून कुठे आहे हे घरोघर विचारलं जाऊ लागलं. दंडावरचे व्रण मोजले गेले. पहिल्या शोधमोहिमांत नोंदीपेक्षा कितीतरी जास्त रुग्ण निघाले. रुग्ण दाखवणाऱ्याला बक्षीस जाहीर झालं, शेवटी शेवटी ते हजार रुपयांपर्यंत गेलं. जी बातमी लपवण्यात अधिकाऱ्याचं हित होतं ती सांगण्यात लोकांचं हित तयार केलं. मे १९७५ मध्ये देशातला शेवटचा रुग्ण सापडला. मुख्यतः बदलला होता तो प्रश्न.

राहिला पैशांचा आणि घाईचा मुद्दा. पोरं मरत असताना अभ्यास करत बसायचं का? अजिबात नाही. थांबा असं मी म्हणतच नाही. सगळे जिल्हे एकाच दिवशी तसेही सुरू होत नाहीत. कोण आधी, कोण नंतर हे आज मंत्री ठरवतात, उद्या चिठ्ठी ठरवू दे, म्हणजे तुलना फुकटात मिळेल. पैशांबद्दल एवढंच: उद्घाटनाच्या जाहिराती परवडतात, मग हेही परवडेल.

डाव्या विचारांच्या मित्रांचा आक्षेप मात्र मला रात्री छळतो. ते म्हणतात, डॉक्टरांची पदं रिकामी, रस्ते नाहीत, बाई बाळंतपणाच्या आदल्या दिवसापर्यंत मजुरीला जाते, आणि तुम्ही आशानं श्वास मोजला का ते बघता? हे मूल्यमापन म्हणजे सगळ्यात खालच्या पायरीवर खापर फोडायचं शास्त्रशुद्ध यंत्र आहे. तसं ते होऊ शकतं, बऱ्याचदा झालंही आहे. पण प्रामाणिक तपासणी खालून सुरू झाली तरी खाली थांबत नाही. ताप का मोजला नाही? थर्मामीटर बंद. दुरुस्त का झाला नाही? मागणी वर गेली, उत्तर आलं नाही. मागणी कुणाकडे पडून आहे? तीन प्रश्नांत आपण पाड्यावरून जिल्ह्याच्या भांडारापर्यंत पोचतो. धोक्यातलं बाळ ओळखलं तर गाडी किती वेळात आली? आशाचे पैसे किती महिने तटले? हे खानेही त्याच तपासणीत हवेत, आणि त्यांचं उत्तर ताईनं नव्हे, साहेबांनी द्यायचं. असं मूल्यमापन मागणं हे रचनेबद्दल बोलणं टाळणं कसं काय?

कुटुंब सर्वेक्षण सांगतं की देशातल्या ७९ टक्के बाळांना जन्मानंतर दोन दिवसांत आरोग्य कर्मचाऱ्यानं तपासलं. तपासलं म्हणजे काय केलं, ते त्या आकड्यात नाही. दरम्यान २०१८ मध्ये आशांच्या त्या सहा भेटींच्या पुढे आणखी पाच भेटी आल्या, बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत, भेटीला पन्नास रुपये. कल्पना चांगली आहे. नवे फॉर्मही आले.

त्या तालुक्यातून निघताना ताई फाटकापर्यंत सोडायला आली होती. म्हणाली, "सर, हे तुमी वर सांगान, का नुसतं लिहून न्यान?" सांगतो म्हटलं. आमच्या अहवालात थर्मामीटर आला खरा, एका तळटीपेत.